रंग चकचकीत आहे, तरीही गाडी खेळण्यासारखीच का दिसते?

नवशिका_२४

नमस्कार. प्लास्टिकच्या किटमधून गाड्यांच्या प्रतिकृती बनवण्याचा छंद मला लागून दीड वर्ष झाले आणि नुकतीच माझी चौथी गाडी पूर्ण झाली. ती १:२४ या प्रमाणातली (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी), १९६०च्या दशकातल्या ठेवणीची फोक्सवॅगन बीटल आहे. आधीच्या तीन गाड्यांमध्ये गोंदाचे डाग, वाकडी चाके, काचेवर बोटांचे ठसे असे नवशिक्याचे सगळे दोष राहिले होते, म्हणून या वेळी मी अजिबात घाई केली नाही. बॉडी साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, साच्याच्या जोडरेषा घासून काढल्या, राखाडी प्रायमरचे दोन हात दिले, त्यावर स्प्रे कॅनमधल्या फिकट निळ्या लॅकरचे (झटपट सुकणाऱ्या रंगाचे) चार हात आणि शेवटी क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक थराचे, तीन हात दिले. बंपर, हबकॅप वगैरे क्रोमचे भाग किटमध्ये आले तसेच स्प्रूवरून (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या काडीवरून) कापून लावले.

गाडी चकचकीत झाली आहे. कुठे ओघळ नाही, रंगात धूळ बसलेली नाही. तरीही शेल्फवर ठेवून चार पावले मागे सरले की ती मला खऱ्या गाडीचे लहान रूप वाटत नाही, तर मुलांनी जमिनीवर ढकलत न्यावे असे खेळणे वाटते. दोष कुठे आहे त्यावर नेमके बोट ठेवता येत नाही, हीच खरी अडचण आहे. जवळून पाहिले तर दिव्याचे प्रतिबिंब कडेला थरथरल्यासारखे दिसते, म्हणजे थोडे ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आहे. पण तेवढ्याने संपूर्ण गाडी खोटी वाटावी का? रंग काढून पहिल्यापासून सुरुवात करावी, की चूक दुसरीकडेच आहे?

आणखी एक शंका. किटमधली चाके पसंत पडली नाहीत म्हणून मी १:२५ प्रमाणाच्या दुसऱ्या किटमधली लावली आहेत. त्यामुळे तर असे होत नसेल?

वॉटरपेपर

आपण दिलेले हात मी मोजले. दोन, चार आणि तीन, म्हणजे एकूण नऊ. खऱ्या गाडीवर कारखान्यात लागणारा सगळा रंग, अस्तरापासून वरच्या थरापर्यंत, साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो. कॅनमधल्या नऊ हातांची जाडीही सहज ०.१ मिलिमीटरच्या घरात जाते, आणि १:२४ च्या हिशेबाने त्याचा अर्थ २.४ मिलिमीटर जाडीचा लेप असा होतो. खऱ्या बीटलवर कोणी एवढा लेप चढवला, तर तिच्या दारांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतील. आपल्या गाडीच्या बाबतीत नेमके तेच झाले असावे असा माझा अंदाज आहे. ओघळ नसणे म्हणजे रंग पातळ लागला असे नव्हे. जाड थर सावकाश दिला तर तोही ओघळत नाही.

आता ऑरेंज पीलविषयी. रंगाचा थेंब पृष्ठभागावर पोहोचल्यावर शेजारच्या थेंबात मिसळून सपाट व्हायला त्याला काही क्षण ओले राहावे लागते. कॅन फार लांब धरला, हवा फार गरम असली किंवा कॅनमधला दाब उतरला, तर थेंब वाटेतच अर्धा सुकतो आणि टेकतो तिथेच गोळी होऊन राहतो. १५ ते २० सेंटीमीटर अंतर बहुतेक कॅनना मानवते. फवारणी बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावी. सलग फवारताना कॅन आतल्या वायूमुळे थंड पडत जातो आणि थेंब मोठे होतात, म्हणून मी सुरुवातीला तो हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात काही मिनिटे उभा ठेवतो. कॅन गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ मात्र कधीही ठेवू नये, तो फुटू शकतो. हवेत दमटपणा फार असेल त्या दिवशी लॅकर फवारूच नये, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

रंग काढायची गरज मला वाटत नाही. बॉडी निदान एक आठवडा सुकू द्या आणि नंतर नाक अगदी जवळ नेऊन वास घ्या. हसू येईल, पण याहून भरवशाची चाचणी मला माहीत नाही: वास येत असेल तर आतला द्रावक अजून बाहेर पडतो आहे आणि घासायची वेळ झालेली नाही. वास पूर्ण थांबला की २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक घासकागद) साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवून, बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन, अगदी हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला उंचवट्यांची टोके मंद होतात आणि मधले खळगे चमकत राहतात, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक चमकदार ठिपके दिसतात. ते ठिपके जवळजवळ नाहीसे झाले की थांबा. पुढे ३००० नंबर, मग कंपाउंड (चमक आणणारी घासण्याची लेई), आधी जाड आणि नंतर बारीक. मडगार्डच्या कडा आणि दारांच्या धारा यांवर आधी मास्किंग टेपच्या अरुंद पट्ट्या लावून ठेवा, कारण उंच कडेवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तिथे दोन-तीन फेऱ्यांतच खालचे प्रायमर डोकावू लागते.

याने पृष्ठभाग सपाट होईल आणि थोडी जाडीही उतरेल. पुढच्या गाडीला प्रायमरचा एक नीट हात, रंगाचे दोन धुक्यासारखे आणि एक ओला हात एवढे पुरेल.

भिंगातून

वॉटरपेपर यांनी सांगितलेली पॉलिशची पद्धत योग्यच आहे, परंतु रोगाचे निदान मला पटत नाही. मी अतिशय पातळ रंगाच्या आणि आरशासारख्या पॉलिश केलेल्या गाड्या पाहिल्या आहेत, आणि त्याही खेळण्यासारख्याच दिसत होत्या. शिवाय १९६०च्या दशकातल्या साध्या गाडीवर रंगाच्या वर वेगळा क्लिअरचा थर नसे. ती पद्धत कारखान्यांमध्ये रुळली ती पुढे १९८०च्या दशकात. म्हणजे आपल्या बीटलला काचेखाली ठेवल्यासारखी खोल चमक मुळात शोभतच नाही. मेणाने पुसलेल्या रंगाची मऊ चमक तिला अधिक खरी वाटेल.

मुख्य दोष रेषांमध्ये असतो. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यामधली फट साधारण ४ मिलिमीटर असते. १:२४ मध्ये ती ०.१७ मिलिमीटर भरेल. साच्यातून निघालेल्या बॉडीवर तीच रेषा ०.४ मिलिमीटरची असली, तर खऱ्या गाडीला जवळजवळ एक सेंटीमीटरची, करंगळी जाईल एवढी फट ठेवल्यासारखे होते. त्यात आपण नऊ हात दिल्यामुळे ही रुंद रेषा उथळ झाली आहे. रुंद आणि उथळ फट हे खेळण्याचे हमखास लक्षण आहे, कारण तिच्यात सावली पडत नाही आणि दार वेगळा भाग न वाटता बॉडीवर कोरलेले चित्र वाटते. म्हणून रंगापूर्वीच स्क्रायबरने (रेषा कोरण्याच्या टोकदार हत्याराने) रेषा खोल करून घ्याव्या. रुंद मात्र अजिबात करू नयेत.

आपली गाडी आता रंगवून झाली आहे, तेव्हा उपाय वॉशचा, म्हणजे रेषांत सोडायच्या अतिपातळ रंगाचा. एनॅमल (सावकाश सुकणारा तेलकट) रंग त्याच्याच थिनरमध्ये गढूळ पाण्याइतका पातळ करा आणि बारीक ब्रशचे टोक रेषेला नुसते टेकवा; तो केशाकर्षणाने स्वतःच धावत जातो. अर्ध्या तासाने वर सांडलेला भाग त्याच थिनरने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने, रेषेला आडवे पुसत काढा. खालचा लॅकर पूर्ण सुकलेला असेल तर एनॅमलचे थिनर त्याला धक्का लावत नाही. याच्या उलट क्रमाने, म्हणजे एनॅमलवर लॅकर, कधीही जाऊ नये. खालचा थर सुरकुततो. उघड्या प्लास्टिकवरही हे थिनर साचू देऊ नका, ताणात असलेले भाग त्याने तडकतात. आणि फिकट निळ्या गाडीला कृपा करून काळा वॉश देऊ नका. काळ्या रेषांनी गाडी व्यंगचित्रासारखी दिसते. निळसर गडद राखाडी रंग पुरेसा आहे.

दुसरा दोष क्रोमचा. किटमधले क्रोम म्हणजे निर्वात पात्रात चढवलेला अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो फार झळाळतो, त्याखाली साच्याची जोडरेषा तशीच दिसते, आणि स्प्रूवरून कापल्याजागी उघडे प्लास्टिक राहते. आपल्या बंपरच्या टोकाशी तसा पांढरा ठिपका आहे का, ते पाहावे. असल्यास घरगुती ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवा, क्रोम विरघळून जाईल. मात्र खिडकी उघडी असावी आणि त्या ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेले दुसरे काहीही मिसळू नये. भाग धुऊन, जोडरेषा घासून, चकचकीत काळ्या रंगावर क्रोम रंगाचा पातळ हात दिला की झळाळी जराशी मंद आणि पुष्कळ खरी येते.

तिसरा दोष खिडक्यांच्या रबरांचा, आणि बीटलमध्ये तो सर्वांत जास्त जाणवतो. उंची मॉडेलच्या बीटलमध्ये काचेभोवती काळे रबर आणि त्या रबरात खोचलेली चकचकीत धातूची पट्टी असे. नवशिके बहुधा सगळी चौकट चंदेरी रंगवून मोकळे होतात. आधी रबर मंद काळे रंगवा. त्यानंतर चिकट पाठीच्या अतिपातळ धातूच्या फॉइलची पट्टी टूथपिकने दाबून बसवा आणि कोऱ्या पात्याने दोन्ही बाजू कापा. पाते जुने असेल तर फॉइल कापले न जाता फाटते. चौकटीच्या बाहेर काळा, मध्ये चंदेरी, आत पुन्हा काळा अशा केसाएवढ्या तीन रेषा एकदा दिसल्या की रंगातल्या ऑरेंज पीलकडे कोणाचे लक्षही जाणार नाही.

१:२५ च्या चाकांची चिंता सोडून द्या. बीटलची रिम १५ इंचांची, म्हणजे १:२४ मध्ये सुमारे १५.९ आणि १:२५ मध्ये १५.२ मिलिमीटर. ०.७ मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही. संपूर्ण गाडीच्या लांबीत मात्र तो ७ मिलिमीटरचा होतो, त्यामुळे दोन प्रमाणांच्या गाड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत एवढेच. १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. १:२५ हे प्रमाण अमेरिकन कंपन्यांनी जाहिरातीसाठी काढलेल्या प्रतिकृतींमधून किटमध्ये आले. दोन्ही इतकी जवळ असूनही अजून वेगळी चालतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

तिसरा_मजला

एक छोटा हिशेब. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १६० सेंटीमीटरवर असतो. त्याला २४ ने भागा, ६.७ सेंटीमीटर येतात. म्हणजे आपली बीटल, जी या प्रमाणात सव्वासहा सेंटीमीटर उंच आहे, तिच्या टपाच्या जराशी वर आपली नजर असायला हवी. आपण शेल्फवर ठेवलेल्या गाडीकडे ४० सेंटीमीटर वरून पाहत असाल, तर ते खरी गाडी साडेनऊ मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहण्यासारखे आहे. तिथून खरी गाडीही खेळण्यासारखीच दिसते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकदा शेल्फ बदलून पाहावे.

पाटास्प्रिंग

वरील तिन्ही उत्तरांत गाडी जमिनीवर कशी बसली आहे, हा मुद्दा राहून गेला. चाकाची कमान आणि टायर यांच्यातले अंतर एक मिलिमीटरने जास्त असेल, तर खऱ्या गाडीत ते २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच होते. गाडी बोटांवर उभी राहिल्यासारखी दिसते. आपण चाके बदलली आहेत, त्यामुळे अंतर बदलले असण्याचा संभव मोठा आहे. व्यासाने नव्हे, तर हबच्या (आसावर बसणाऱ्या चाकाच्या मधल्या भागाच्या) खोलीने. चाक मडगार्डच्या बाहेर आले आहे की आत बुडाले आहे, हे समोरून पाहा.

त्यानंतर गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवून एकेका चाकाखाली कागद सरकवून पाहावा. चारपैकी एक चाक हवेत असेल तर कागद सहज जातो. नवशिक्यांच्या निम्म्याहून अधिक गाड्यांमध्ये तो जातो, असा माझा अनुभव आहे. खरी गाडी शेकडो किलो वजनाची असते आणि टायर जमिनीशी दबलेला असतो. आपली गाडी मात्र चार बिंदूंवर टेकते. टायरचा तळ वॉटर पेपरवर अर्धा मिलिमीटरभर सपाट घासला आणि ट्रेडवरची (टायरच्या नक्षीदार पृष्ठभागावरची) कारखान्यातली चमक काढली, तर गाडीला एकदम वजन येते. माझ्या मते हे काम तासाभराचे आहे आणि पॉलिशपेक्षा जास्त फळ देणारे आहे, जरी वॉटरपेपर यांना ते मान्य होणार नाही.

वॉटरपेपर

टायरचे मान्य आहे. तासाभराचे मान्य नाही. मऊ व्हिनाइल घासताना रबरासारखे लवते आणि कागदाखालून निसटते. रिमवर बसवूनच घासावे.

नवशिका_२४

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण वास थांबायलाच अकरा दिवस लागले.

सर्वांत आधी तिसरा_मजला यांचे ऐकले आणि गाडी पुस्तकांच्या कप्प्यातून काढून डोळ्यांच्या पातळीच्या फळीवर ठेवली. फरक लगेच पडला, पण त्याचबरोबर एक दोष उघडा झाला, जो वरून दिसतच नव्हता: पुढचे डावे चाक जमिनीला टेकत नव्हते. कागद विनासायास आरपार गेला. आसाचा एक टोकाकडचा खुंट कापून, उंची भरून काढायला शिम म्हणून अर्ध्या मिलिमीटरची प्लास्टिकची चकती घालून ते बसवले.

पॉलिश करताना उजव्या मागच्या मडगार्डच्या माथ्यावर, टेप लावायची राहून गेलेल्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढे राखाडी प्रायमर दिसू लागले. तिथे कॅनमधला रंग झाकणात फवारून ब्रशने टिपला. दिसते, पण मलाच. निळसर राखाडी वॉशने मात्र अक्षरशः दारे उघडली. खिडक्यांच्या फॉइलचे दोन प्रयत्न फाटले, तिसरा जमला. आता ती खेळणे वाटत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बोनेटवरचे, म्हणजे बीटलच्या बाबतीत डिकीवरचे, उठावाचे चिन्ह मी ब्रशने चंदेरी केले होते आणि ते ओबडधोबड दिसते. पुढच्या वेळी काय करावे? आणि गाडीवर धूळ बसू नये म्हणून पारदर्शक झाकणाची पेटी घेतली आहे. तिच्यात गाडी ठेवताना काही काळजी घ्यावी लागते का?

भिंगातून

चिन्हासाठी फॉइल रंगाच्या आधी लावा. प्रायमर देण्यापूर्वी त्या उठावाच्या चिन्हावर फॉइलचा चौकोन ठेवून कापसाच्या काडीने असा दाबा, की त्याचा प्रत्येक कंगोरा वर उमटेल. बाजूचे जादा फॉइल कापून टाका आणि मग गाडी नेहमीसारखी रंगवा. रंग सुकल्यावर २००० नंबरच्या कागदाचा बारीक तुकडा टूथपिकच्या चपट्या टोकाला चिकटवून फक्त उठावाच्या माथ्यावरून फिरवा. रंग निघतो आणि खालचा धातू उघडा पडतो. खोलगट भागात गाडीचाच रंग राहतो. ब्रशने हे काम कितीही स्थिर हाताने केले तरी इतके स्वच्छ होत नाही. क्लिअर द्यायचा असेल तर त्यानंतर द्यावा.

पाटास्प्रिंग

पेटीविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे आहे, दुर्दैवाने. माझी एक जुनी गाडी चार वर्षे पेटीत होती. रंगवलेल्या प्लास्टिकच्या पायावर ती नुसती ठेवली होती. साफसफाईसाठी उचलायला गेलो तर ती उचलेना. जोर केल्यावर एक टायर पायाला चिकटून राहिला आणि बाकी तीन जागी पायाचा रंग चिकट होऊन त्यात ट्रेडची नक्षी उमटलेली होती. व्हिनाइलचे टायर मऊ राहावेत म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरीन (किटचे प्लास्टिक) किंवा रंग विरघळवत जातो. काही जुन्या किटमध्ये टायरने आपल्याच रिमा खाल्लेल्या आढळतात. किटच्या खोक्यातसुद्धा टायर काचांच्या स्प्रूपासून वेगळ्या पिशवीत ठेवावेत, ते याच कारणाने.

म्हणून गाडीचा भार टायरवर ठेवू नका. चेसिसखाली आसांच्या रेषेत दोन धातूचे खुंट किंवा पारदर्शक नळीचे तुकडे अशा उंचीचे लावा, की टायर पायाला जेमतेम स्पर्श करतील, किंवा कागदाच्या जाडीएवढे वर राहतील. समोरून ते दिसत नाही. रिम आणि टायर यांच्यामध्ये फॉइलची एक पट्टी गुंडाळली तर रिमही वाचते.

पेटी बंद करण्यापूर्वी वॉटरपेपर यांची नाकाची चाचणी पुन्हा करा, या वेळी पेटीच्याच आत. गाडी ठेवून झाकण लावा, दुसऱ्या दिवशी झाकण उचलून लगेच वास घ्या. वास आला तर ती आठवडाभर उघडी राहू द्या, नाहीतर अडकलेल्या द्रावकाचा धुरकट थर काचांच्या आतून बसतो. सायनोअॅक्रिलेट (क्षणात चिकटणारा) गोंद वापरला असेल तर त्याच्या वाफेनेही असाच पांढरा थर येतो, तेव्हा काचांसाठी पांढरा पाण्याचा गोंदच बरा. पेटी थेट उन्हात नको. अॅक्रिलिकचे झाकण कोरड्या कापडाने पुसले तर त्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि ते आधीपेक्षा जास्त धूळ ओढते. ओलसर मऊ कापड वापरा. आतली गाडी झटकायची वेळ आलीच, तर चेहऱ्याला पावडर लावण्याचा मऊ रुंद ब्रश घ्या आणि आरसे व वायपर यांच्यापासून दूर राहा. माझ्या तीन गाड्यांचे आरसे धुळीने नव्हे, तर धूळ झटकताना गेले.

नवशिका_२४

आज झाकण उचलून वास घेतला. किंचित येतो आहे. गाडी बाहेर काढून ठेवली आहे आणि खुंटांसाठी जुन्या स्प्रूच्या काड्या मोजत बसलो आहे.

पाटास्प्रिंग

स्प्रूच्या काड्या नकोत. त्याही पॉलिस्टायरीनच्याच असतात. पितळी तार घ्या.